मेलेल्या क्लाइव्हची साइट मिकीकडे कशी गेली? ‘डॉक्टर हू’च्या 2005 मधल्या एका वेबसाइटचं प्रकरण

26 मार्च 2005, शनिवार, संध्याकाळी 7 वाजता बीबीसी वनवर ‘डॉक्टर हू’ परत आली, निळ्या पेटीतून काळाच्या प्रवासाला निघणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या परग्रहवासीयाची ब्रिटिश मालिका. जुनी सलग मालिका 1989 मध्ये थांबली होती आणि मधे 1996 चा एक टीव्ही पिक्चर सोडला तर काहीच नव्हतं, त्यामुळे ‘रोझ’ नावाचा हा पहिला एपिसोड जवळपास 1 कोटी 8 लाख लोकांनी बघितला. त्यात एक अगदी साधा सीन आहे. रोझ टायलर, लंडनमधल्या एका दुकानात काम करणारी मुलगी, बॉयफ्रेंड मिकीच्या फ्लॅटवर त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसते आणि सर्च करते. आधी नुसतं ‘डॉक्टर’ टाकते, त्याने काय हाती लागणार. मग ‘डॉक्टर’ आणि जिवंत प्लास्टिक. मग ‘डॉक्टर’ आणि निळी पेटी, आणि तिथे लागतं. एक पान उघडतं, त्यावर एका माणसाचा अस्पष्ट फोटो आणि या माणसाबद्दल काही माहीत असेल तर क्लाइव्हला कळवा अशा अर्थाचा मजकूर.

सर्च इंजिन खोटं, शूटिंगसाठी वापरतात तसलं. पण क्लाइव्हची साइट बीबीसीने खरोखर बनवली होती, हूइजडॉक्टरहू डॉट को डॉट यूके या पत्त्यावर. एपिसोड संपला की तुम्हीसुद्धा रोझसारखं तिथे जाऊ शकत होता. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ वेबसाइटचं काम तेव्हा जेम्स गॉस बघायचे आणि त्यांच्या टीमने त्या सीझनभर अशा कथेच्या आतल्या बऱ्याच साइट चालवल्या. मला हे काम तेव्हाही भारी वाटलं आणि आजही वाटतं. मालिका बघून झाल्यावर तिच्या जगातलं एक दार आपल्या ब्राउझरमध्ये उघडं राहतं, याची मजा वेगळीच.

पण मालिका आणि साइट यांचा मेळ अनेक ठिकाणी बसत नाही. यादी केली तर मोठी होईल, मला यादीत रस नाही. मला या एका साइटचं प्रकरण नीट उलगडून बघायचंय, कारण माझं म्हणणं असं आहे की इथल्या बहुतेक विसंगती लेखकांच्या निष्काळजीपणातून आलेल्याच नाहीत, त्या कॅलेंडरमधून आल्यात. आणि दुसरं, एखादी विसंगती किती टोचते ते चूक केवढी मोठी यावर कमी आणि ते पान कोणाच्या तोंडून बोलतंय यावर जास्त ठरतं.

तर पहिली गडबड पहिल्याच संध्याकाळी. एपिसोडमध्ये रोझ क्लाइव्हला भेटायला जाते. मुलगा दार उघडतो, आणि डॉक्टरबद्दलची साइट वाचून एक मुलगी आलीये याचंच क्लाइव्हच्या बायकोला आश्चर्य वाटतं. क्लाइव्ह रोझला शेडमध्ये नेऊन कागदपत्रं दाखवतो: 1963 मध्ये केनेडींची हत्या झाली त्या वेळच्या गर्दीत हा माणूस, 1912 मध्ये टायटॅनिकने जाणार होतं पण गेलंच नाही अशा कुटुंबासोबत हा माणूस, 1883 च्या क्राकाटोआच्या स्फोटाच्या वेळचं एक स्केच, त्यातही हाच. आणि एपिसोडच्या शेवटाकडे, दुकानांतले प्लास्टिकचे पुतळे जिवंत होऊन काचा फोडून बाहेर येतात तेव्हा, हाच क्लाइव्ह बायकोपोरासमोर मारला जातो. मरायच्या आधी त्याला एवढंच कळतं की आपण इतकी वर्षं जे वाचलं, जमवलं ते सगळं खरं होतं.

आता पावणेआठला एपिसोड संपला, तुम्ही उठून साइटवर गेलात, तर तिथे क्लाइव्ह तुम्हाला सांगतोय की मला कळवा. ज्याला दहा मिनिटांपूर्वी मरताना पाहिलं तो माणूस. याला चूक म्हणायचं का? मी म्हणणार नाही. माणूस मेला म्हणून त्याचं पान बंद पडत नाही, आज आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये अशी प्रोफाइल्स आहेत. उलट या एका गोष्टीमुळे क्लाइव्हचं मरण टीव्हीवर वाटतं त्यापेक्षा जास्त लागतं. टीव्हीवर तो एक गमतीशीर माणूस आहे, येतो, माहिती देतो, जातो. साइटवर त्याने इतक्या लोकांकडून काय काय गोळा केलं होतं ते दिसतं आणि त्याला उत्तर मिळालं ते शेवटच्या क्षणी, हे मनात राहतं.

पुढे साइट मिकीने ताब्यात घेतली. क्लाइव्ह गेला, आता मी चालवतोय, असं. आणि इथे पहिली खरी गाठ आहे. मिकी आणि क्लाइव्ह कधी भेटलेच नाहीत! ‘रोझ’ परत लावून बघा, मिकी रोझला गाडीने क्लाइव्हच्या घरापर्यंत सोडतो पण स्वतः गाडीतच बसतो, कारण रोझ त्याला आत येऊ देत नाही, जरी त्याच्या मते इंटरनेटवरच्या कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या घरी जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. ती आत असतानाच त्याला तो प्लास्टिकचा कचऱ्याचा डबा गिळतो आणि पुढचा बराच वेळ पडद्यावर त्याची प्लास्टिकची नक्कल फिरत असते. खरा मिकी सापडतो तेव्हा भीतीने अर्धमेला झालेला. मग क्लाइव्हचा लॉगिन याच्याकडे आला कसा? पासवर्ड कोणी दिला? बायकोने दिला म्हणावं तर मिकी तिला ओळखतही नाही. मालिका यावर एक शब्द बोलत नाही आणि बोलायची गरजही नव्हती, कारण मालिकेच्या हिशोबात साइटचं काम शेडमधल्या सीनपर्यंतच होतं.

पण मालिकेनेच नंतर याला नकळत आधार दिला. ‘एलियन्स ऑफ लंडन’ आणि ‘वर्ल्ड वॉर थ्री’ या जोडएपिसोडमध्ये, 16 आणि 23 एप्रिलला, आपल्याला बदललेला मिकी दिसतो. तो म्हणतो की मी डॉक्टरबद्दल शोधाशोध केली, इंटरनेटवर, इतिहासाच्या पुस्तकांत, खोल गेलं की नाव सापडतंच आणि त्याच्या मागे मेलेल्यांची यादी असते. म्हणजे पहिल्या एपिसोडच्या शेवटी रोझ डॉक्टरबरोबर निघून गेल्यावर हा पोरगा अक्षरशः क्लाइव्हच्या जागी येऊन बसला होता. साइट त्याच्याकडे जाणं हे म्हणून भावनेच्या अंगाने शंभर टक्के बरोबर आहे, फक्त कागदोपत्री पुरावा नाही. असली विसंगती मी आनंदाने मान्य करते, कारण ती त्या माणसाला मोठं करते. पहिल्या एपिसोडमध्ये रोझच्या पायाला मिठी मारून बसलेला मिकी साइटमुळे शोक करणारा, हट्टाने शोधत राहणारा माणूस होतो, आणि मालिकेला त्यासाठी वेगळा सीन लिहावा लागत नाही.

आता मुख्य भानगड, ती एका वर्षाची.

‘एलियन्स ऑफ लंडन’च्या सुरुवातीला डॉक्टर रोझला घरी आणतो आणि सांगतो की तुला जाऊन 12 तास झालेत. रोझ वर आईकडे जाते, डॉक्टर खाली खांबावरचं पोस्टर बघतो, ती हरवल्याचं, आणि त्याला कळतं की 12 तास नाही, 12 महिने झालेत. सीन जबरदस्त आहे. आई रडतेय, पोलीस आलेत, आणि मिकीला या वर्षात पुन्हा पुन्हा चौकशीला नेलंय कारण सगळ्यांना वाटत होतं की यानेच पोरीला मारलं. मालिकेचे मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी एका फटक्यात दाखवून दिलं की मुलगी डॉक्टरबरोबर निघून जाते तेव्हा मागे राहिलेल्या घराचं काय होतं. यासाठी मी कुठलीही तारखेची गडबड माफ करीन.

पण साइटच्या टीमच्या बाजूने बघा. रोझ गेली मार्च 2005 मध्ये, परत आली मार्च 2006 मध्ये. प्रेक्षकांसाठी मधे गेले तीन आठवडे. 26 मार्च ते 16 एप्रिल, मधे दोन एपिसोड, एक पृथ्वीच्या शेवटाच्या दिवशीचा आणि एक 1869 च्या कार्डिफमधला, आणि साइट या तीन आठवड्यांत लोक रोज बघतायत. म्हणजे मिकीचं अख्खं वर्ष, चौकशा, शेजाऱ्यांचे टोमणे, रोझची आई जॅकी हिचा राग, शोधाशोध, हे सगळं 21 दिवसांत बसवायचं, आणि तेही वर्ष होणार आहे हे आधी कळू न देता! कारण 16 एप्रिलच्या आधी कोणी साइटवर ‘सहा महिने झाले रोझ गेली’ असं लिहिलं असतं तर मालिकेतला सगळ्यात मोठा धक्का फुकट गेला असता. आणि नाही लिहिलं तर 17 एप्रिलला साइट खोटी पडते, कारण मिकी वर्षभर ती चालवत होता तर वर्षभराच्या नोंदी कुठायत?

यातून सुटका नव्हतीच. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांत प्रेक्षकांची दिवाळी त्याच आठवड्यात पात्रांचीही दिवाळी असते, त्यामुळे हा प्रश्न कधी येतच नाही. ‘डॉक्टर हू’ने एका सीनसाठी ते कॅलेंडर तोडलं आणि नंतर पूर्ववत केलंच नाही. त्या वर्षीचा ख्रिसमसचा एपिसोड, 25 डिसेंबर 2005 ला दाखवलेला, कथेत 2006 चा ख्रिसमस आहे. पुढे काही वर्षं मालिकेचा ‘आज’ आपल्या आजच्या एक वर्ष पुढे चालत राहिला. लेखकांना ते सांभाळता येत होतं कारण टीव्हीवर तारीख बोलून दाखवायची वेळ क्वचित येते. साइटवर मात्र सगळंच तारखेवर चालतं आणि वाचणाऱ्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ असतं. एप्रिल 2005 मध्ये तुम्ही वाचताय की थेम्स नदीत यान पडलं आणि बिग बेनचा टॉवर फुटला, आणि ही घटना घडायला अजून 11 महिने आहेत.

यात अजून एक भर. 30 एप्रिलला ‘डालेक’ हा एपिसोड आला, तो अमेरिकेतल्या युटामध्ये जमिनीखाली 2012 मध्ये घडतो. हेन्री व्हॅन स्टॅटन नावाचा अब्जाधीश, परग्रहावरच्या वस्तू जमवणारा, इंटरनेट आपल्या मालकीचं आहे असं मिरवणारा. त्याची कंपनी जिओकॉमटेक्स, तिचीही साइट बीबीसीने उघडली. म्हणजे त्या आठवड्यात कोणी तीन टॅब उघडून बसलं असेल तर पहिल्या टॅबमध्ये बातम्या 2005 च्या, दुसऱ्यात मिकी 2006 मधला, आणि तिसऱ्यात 2012 मधली कंपनी, आणि तिन्ही एकाच इंटरनेटवर! टाइम ट्रॅव्हलच्या मालिकेला हे शोभतं असं म्हणून सोडून देता येईल, पण टाइम ट्रॅव्हल डॉक्टर करतो, सर्व्हर करत नाही. जिओकॉमटेक्सच्या बाबतीत निदान एवढं म्हणता येतं की कंपनी आधीपासून असेल. मिकीच्या बाबतीत तेही म्हणता येत नाही.

आता ती सीडी. सगळ्यात कठीण गाठ हीच आणि माझी सगळ्यात लाडकीही.

‘वर्ल्ड वॉर थ्री’च्या शेवटी डॉक्टर मिकीला एक डिस्क देतो. त्यात व्हायरस आहे, तो ऑनलाइन टाक, माझा प्रत्येक उल्लेख पुसला जाईल, मी अस्तित्वातच नव्हतो असं होईल. मिकी विचारतो का, तर तो म्हणतो की तुझंच बरोबर होतं, मी धोकादायक आहे, माझ्या मागे कोणी येऊ नये. दोघांत पहिल्यांदाच एकमेकांबद्दल आदर दिसतो, त्याच सीनमध्ये मिकी टार्डिसमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या त्या निळ्या पेटीत, यायला नकार देतो आणि डॉक्टर रोझसमोर त्याची लाज राखतो. छान लिहिलाय.

आणि 24 एप्रिलला साइट चालूच! पुढे सीझनभर चालूच. जगातला डॉक्टरचा प्रत्येक उल्लेख पुसणारी डिस्क ज्याच्या हातात दिली त्याचीच साइट डॉक्टरबद्दल बोलत राहते, म्हणजे ही विसंगती शेंबड्या पोरालाही दिसेल. टीम तरी काय करणार, सीझनचे आठ एपिसोड बाकी असताना नुकती लोकप्रिय झालेली साइट कोरी करून टाकायची? आज मागे वळून मला वाटतं की एक दिवस, फक्त एक रविवार, साइट खरंच कोरी दाखवायला हवी होती. पत्ता टाकला की काहीच नाही. शनिवारी रात्री डिस्क दिली, रविवारी पान गायब, आणि सोमवारी मिकी परत, स्वतःच्या कारणासह. त्याने काय झालं असतं, तर प्रेक्षकाला कळलं असतं की व्हायरस खरा होता आणि मिकीने स्वतः ठरवून काहीतरी वाचवलं. साइटच्या हातात असलेलं हे एकमेव शस्त्र होतं जे टीव्हीकडे नाही, गायब होण्याचं, आणि ते वापरलं नाही याची मला खरंच हळहळ वाटते.

मालिकेने मात्र व्हायरसची आठवण ठेवली. एक तर ‘डालेक’मध्ये व्हॅन स्टॅटनला, ज्याच्याकडे पृथ्वीवर पडलेल्या परग्रही वस्तूंचं म्युझियम आहे, डॉक्टर कोण ते माहीत नसतं. एपिसोडमध्ये कोणी तसं म्हणत नाही, पण आठवडाभर आधीची डिस्क चालली असेल तर हे नीट जुळतं. दुसरं, 17 जून 2006 च्या ‘लव्ह अँड मॉन्स्टर्स’मध्ये सरळ सांगितलंय की टॉर्चवुड या संस्थेकडच्या रोझच्या फाइल्स बॅड वुल्फ व्हायरसने खराब झाल्यात. म्हणजे मिकीने डिस्क टाकली होती. आणि त्याच एपिसोडमधले डॉक्टरला शोधणारे लोक एकमेकांना सापडतात ते नव्या ब्लॉगमुळे, त्यावरचा डॉक्टरचा फोटो ख्रिसमसच्या दिवशीचा, व्हायरसच्या नंतरचा! जुनं पुसलं गेलं, नवं उगवलं. हे मुद्दाम जुळवलं की आपोआप जुळलं ते बाजूला ठेवा, पण मिकीच्या साइटकडे बघायची एक वाट यातून मिळते: एप्रिल 2005 नंतर दिसते ती क्लाइव्हची साइट नाहीच, ती पुसली गेली, ही मिकीने पुन्हा उभी केलेली. क्लाइव्हची शेड, त्याची आयुष्यभराची मेहनत, डॉक्टरने स्वतःच्या हाताने संपवली आणि मिकीने होतं तेवढं परत मांडलं. मला हा अर्थ पटतो, जरा वाईट वाटायला लावतो आणि कुठलाच सीन खोटा पाडत नाही.

आता याच्या शेजारी युनिटची साइट ठेवून बघा म्हणजे माझा दुसरा मुद्दा कळेल. युनिट ही 1968 पासून मालिकेत असलेली लष्करी संस्था, परग्रहवासीयांशी लढणारी. ‘वर्ल्ड वॉर थ्री’मध्ये डॉक्टर 10 डाउनिंग स्ट्रीटमध्ये अडकलाय, फोनवर मिकीला सांगतोय, आणि मिकी आपल्या बेडरूममधून युनिटच्या साइटमधून आत घुसतो. पासवर्ड ‘बफेलो’. परत विचारलं की परत ‘बफेलो’. परत ‘बफेलो’. आणि शेवटी हा पोरगा नौदलाचं मिसाइल पंतप्रधानांच्या घरावर सोडतो. बीबीसीने युनिटची साइटही उघडली होती आणि तिथेही ‘बफेलो’ टाकलं की आतली पानं उघडायची. तेव्हा ते टाइप करताना काय भारी वाटायचं, जणू आपणच मिकी.

पण विचार करा: इतकी गुप्त संस्था, घुसखोरी झाली, डाउनिंग स्ट्रीट जमीनदोस्त झालं, आणि दुसऱ्या दिवशी पासवर्ड तोच? हीच सवलत मिकीच्या साइटला मी दिली आणि युनिटला देता येत नाही. मिकी गोंधळलेला आहे, एकटा आहे, त्याच्या तारखा चुकणार, तो अर्धवट सांगणार, काही लपवणार, पोलीस मागे लागलेल्या माणसाने सगळं लिहायचंही कशाला. त्याच्या पानावरची प्रत्येक चूक ही मिकीची चूक होऊ शकते. युनिटच्या पानावरची चूक ही संस्थेची म्हणता येत नाही, ती थेट बीबीसीची वाटते, कारण अधिकृत आवाजाला मागे लपायला माणूस नसतो. युनिटच्या कालगणनेचा तर जुना वाद आहेच. 1975 मध्ये डॉक्टरची सोबतीण सेरा जेन स्वतःला 1980 ची म्हणते आणि 1983 च्या एका कथेत युनिटचा प्रमुख ब्रिगेडियर 1976 मध्येच निवृत्त झालेला. अशा संस्थेच्या अधिकृत साइटवर एक जरी साल लिहिलं तरी कुठलीतरी जुनी कथा खोटी पडणार. नावही टिकलं नाही. ‘युनिट’च्या पूर्ण नावातला संयुक्त राष्ट्रांचा उल्लेख 2008 मध्ये काढला गेला कारण खऱ्या संयुक्त राष्ट्रांना ते नको होतं, तिथून ती नुसती ‘युनिफाइड’ झाली. मालिकेने मात्र या सालांच्या घोळावर सुंदर तोड काढली, 2008 च्या ‘द सॉन्टारन स्ट्रॅटजेम’मध्ये डॉक्टरलाच आठवत नाही की आपण तिथे काम केलं ते सत्तरच्या दशकात की ऐंशीच्या. चूक एका माणसाच्या आठवणीत नेऊन ठेवली आणि ती चूक राहिली नाही. मिकीच्या साइटने हेच तीन वर्षं आधी केलं होतं.

म्हणून कोणी मला विचारलं की अशी साइट लिहायची तर सातत्य कसं सांभाळायचं, तर मी सांगेन की आधी लिहिणारा ठरवा आणि त्याला आज काय माहीत आहे तेवढंच लिहू द्या, आणि तारखा शक्यतो त्याच्या तोंडी ठेवा, पानाच्या डोक्यावर नको. ‘काल परत पोलीस आले होते’ हे वाक्य मार्च 2005 मध्येही खरं आणि जानेवारी 2006 मध्येही. वर्षभराची उडी अशा वाक्यांनीच झाकता आली असती.

शेवटी मिकीचंही क्लाइव्हसारखंच झालं, मरण वगळता. 29 एप्रिल 2006 च्या ‘स्कूल रियुनियन’मध्ये त्यानेच ती शाळा शोधून काढलेली असते, यानांच्या नोंदी खणताना टॉर्चवुडने त्याला अडवलेलं असतं, म्हणजे इतकं सगळं होऊनही तो क्लाइव्हचंच काम करत होता. त्या एपिसोडच्या शेवटी तो स्वतः टार्डिसमध्ये चढतो आणि 20 मे ला समांतर जगात राहून जातो. साइट कोणाला देऊन गेला ते मालिकेने सांगितलं नाही.